बुजवलेली खिडकी

ऋतानं मोबाईल टीव्हीला जोडला आणि पडद्यावर थॉर्नकोट हॉल उभा राहिला.

"अगं बया, आपलंच घर की हे!" रुक्मिणीबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"आई, आपलं घर त्याच्यासारखं आहे. ते आपल्यासारखं नाही," निरंजन म्हणाला.

"येकच की रं ते."

निरंजननं मान हलवली. थोरल्या मुलांना दुरुस्त्या करायची सवय असतेच, याला अंमळ जास्त होती.

तसं म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. लाल विटांची दुमजली दर्शनी बाजू, कोपऱ्यांना फिक्या दगडांचे दात, मधोमध चार खांबांचा पोर्च, त्याच्यावर त्रिकोण आणि वरच्या मजल्याला ओळीनं उंच खिडक्या. टीव्हीत तेच, आणि ज्या घरात बसून ही मंडळी टीव्ही बघत होती त्यालाही तेच. तिकडच्या धुराड्यांतून तीनशे वर्षं धूर निघाला होता. इकडच्या दोन धुराड्यांपैकी एकात पाण्याची टाकी होती आणि दुसऱ्यात डिशची वायर. दगडांचे दात प्लॅस्टरचे होते. तिकडं घरामागं हरणांचं कुरण होतं, इकडं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं निळं पत्र्याचं शेड.

हे सगळं रुक्मिणीबाईंच्या नवऱ्याचं, दौलतराव अण्णांचं कर्तृत्व. पिंपरीच्या कंपनीत टूलरूमला असताना त्यांना सहा महिने इंग्लंडला ट्रेनिंगला धाडलं होतं. तिथल्या फोरमननं एका रविवारी त्यांना हे घर दाखवलं आणि माणूस बिघडला. पुढचे सगळे रविवार तिथंच गेले. बरोबरचे लोक येताना चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या घेऊन आले, अण्णा एका घराचे रोलच्या रोल फोटो घेऊन आले. पुढं चाकणजवळच्या त्यांच्या गावची, निघोज्याची जमीन कारखान्यांना गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ते घर उतरवलं. टूलरूमचा माणूस तो. ड्रॉइंगमध्ये आहे ते जॉबवर, म्हणजे घडवलेल्या वस्तूवर, असलंच पाहिजे आणि ड्रॉइंगमध्ये नाही ते नसलंच पाहिजे. दार दक्षिणेला ठेवलं म्हणून गावातल्या बायका हळहळल्या. अण्णा म्हणाले, तिथं दक्षिणेला आहे. विषय संपला. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, पण रिक्षावाले अजून या जागेला लंडन बंगलाच म्हणतात.

ऋता ही निरंजनची नवी सून. जुन्या इमारती कशा जपायच्या याचं शिक्षण घ्यायला ती इंग्लंडला गेली होती. नवरा ओजस तिथंच नोकरीला. डिसेंबरच्या सुट्टीत दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आले होते, आणि येण्याआधी आजीनं फोनवर बजावलं होतं की ते घर बघितल्याबिगर येऊ नका. आज रविवार, पुरणपोळीचं जेवण झालेलं, सगळे सुस्तावलेले. ऋताला वाटलं, सासरी छाप पाडायला याहून चांगली वेळ मिळायची नाही.

"हे बांधलं एका लोकरीच्या व्यापाऱ्यानं," ती उत्साहानं सांगू लागली. "खानदानी सरदार वगैरे नाही हं. स्वतःच्या हिमतीवर पैसा केलेला माणूस."

"बघा!" निरंजन खूश झाला. "धंदेवाला. म्हणजे आपल्यातलाच."

"मुलानं हा खांबांचा पोर्च नंतर जोडला. जवळ जाऊन बघितलं की विटांचा रंग बदललेला दिसतो. आणि नातवानं जुगारात अर्धी इस्टेट घालवली."

सगळ्यांनी ओजसकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" ओजस म्हणाला. "मी साधी रमीसुद्धा खेळत नाही."

सगळे हसले. दाराजवळच्या स्टुलावर बसलेला ज्ञानेश, निरंजनचा धाकटा भाऊ, तोही हसला. त्याची बायको विजयश्री ताटल्या गोळा करता करता पदराआड हसली.

"आन ती बुजवल्याली खिडकी?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. "ती हाय का तिकडं? का आमच्या ह्यांनीच काढली डोक्यातनं?"

"आहे ना आजी! तीच तर गंमत आहे." ऋतानं फोटो मोठा केला. वरचा मजला, डावीकडून दुसरी. खिडकीची चौकट होती, खाली दगडी उंबरठा होता, पण मध्ये काच नव्हती. सरळ विटा. "त्या काळी तिथं खिडक्यांवर कर होता. घराला जितक्या खिडक्या, तितका जास्त कर. मग लोकांनी खिडक्याच बुजवून टाकल्या."

"आयला, भारी डोकं," निरंजन म्हणाला. "अण्णांना माहीत असतं तर केवढे खूश झाले असते."

"मग त्यो कर अजून हाय?"

"नाही हो आजी. अठराशे एक्कावन्नमध्येच गेला."

"मग उघडली का न्हाई?"

"राहूनच गेलं म्हणे. घरातल्या कुणाला त्याचं काही अडलं नाही." ऋता आता रंगात आली होती. "कारण बुजवताना मालक लोक स्वतःच्या खोल्यांच्या खिडक्या थोड्याच बुजवणार? ज्यांना विचारायचं कारण नाही, त्यांच्या बुजवायच्या. ही खोली आयाची होती. ती बिचारी भर दुपारीसुद्धा मेणबत्ती लावून..."

तिला जाणवलं की कुणीच हसत नाहीये. निरंजन टीव्हीकडं बघत होता. सासूबाई, म्हणजे अरुंधती, आपल्या बांगडीकडं. विजयश्री काकू ताटल्यांची चळत घेऊन उभी होती. ती वळून स्वयंपाकघरात गेली.

ओजसनं ऋताच्या कानात सांगितलं, "अगं, ती काकूंची खोली आहे."

"कुठली?"

"तीच. वरची डावीकडून दुसरी."

ऋतानं टीव्ही बंद केला.

*

अरुंधती उरलेलं पुरण घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा विजयश्री नळ पूर्ण सोडून ताटल्या विसळत होती. ताटल्या एरवी कामाची बाई घासते. आज हिला काहीतरी हातात हवं असणार, हे अरुंधतीनं ओळखलं. चिंचवडच्या शाळेत तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवून तिला पाठमोरं माणूसही वाचता येत होतं.

"पोरगी नवीन आहे गं," ती म्हणाली. "तिला काय माहीत."

"तिनं काय वाईट केलं, ताई? बरंच केलं की. मला आजपर्यंत वाटायचं, अण्णांनी काहीतरी शास्त्र बघून बुजवली असेल. वास्तूचं वगैरे." विजयश्रीनं नळ बंद केला. "आयाची खोली म्हणे."

"विजू..."

"नाही, मी रागावले नाही." ती रागावली होती. "आज चार वाजता ते शूटिंगवाले येणार आहेत ना?"

येणार होते. हा निरंजनचा नवा उद्योग. लग्नाआधी जोडपी फोटो काढून घेतात, त्या प्री-वेडिंगवाल्या वाकडच्या एका एजन्सीला लंडन बंगला फार आवडला होता. बाकीच्या फार्महाऊसवर सगळं कसं कोरं करकरीत असतं, इथं ती विटांनी बुजवलेली खिडकी बघूनच जुनं, अस्सल इंग्लंड वाटतं, असं त्यांचा माणूस म्हणाला होता. तिच्यावर प्लॅस्टिकच्या वेली सोडायच्या आणि जोडपं खाली उभं करायचं. त्यांची अट एकच. पुढची तीन वर्षं दर्शनी बाजूला हात लावायचा नाही.

"आज त्यांना हो म्हटलं की मग संपलं," विजयश्री म्हणाली. "मग मी कधी मागू? मी आजच बोलणार आहे. ते यायच्या आत."

"आजच का पण? इतकी वर्षं..."

"करिष्माचा फोन आला होता." करिष्मा तिची लेक, यंदाच ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहायला गेलेली. "म्हणते, आई, माझ्या खोलीला खिडकी आहे गं. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि आपोआप जाग येते. ये की एकदा झोपायला. मला हे माझी लेक सांगतेय, ताई, आणि मी इथं मोबाईल बघते तेव्हा मला कळतं सकाळ झाली म्हणून. बापाच्या घरी कासारवाडीला आम्ही पाच माणसं एका खोलीत होतो. रुळावरनं गाडी गेली की भांडी वाजायची. पण उजेड होता हो." तिनं ओले हात पदराला पुसले. "तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल का?"

अरुंधतीनं पुरणाचा डबा फ्रीजमध्ये ठेवला. ठेवायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला. तिची खोली पुढच्या कोपऱ्यावर होती. दक्षिणेला दोन खिडक्या, पूर्वेला एक. तिच्या लग्नानंतर आठ वर्षांनी विजयश्री या घरात आली तेव्हा खोल्या आधीच वाटून झाल्या होत्या, आणि आपल्या वाट्याला जे चांगलं आलंय त्याची चर्चा कुणी स्वतःहून काढत नाही. शूटिंगचा उद्योग नवऱ्याचा, त्याचं मन लागलंय त्यात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच माणूस सकाळी गुणगुणतोय.

"मी काय बोलणार गं त्यात," ती म्हणाली.

विजयश्रीनं मान डोलावली. हेच उत्तर येणार हे तिला ठाऊक होतं. ती हॉलकडं निघाली, आणि अरुंधतीला स्वतःचा असा काही राग आला की तिनं फ्रीजचं दार आपटलं.

*

निरंजनला वाद आवडायचा नाही, कारण त्याला तो जिंकायची सवय होती आणि जिंकल्यावर लोक तोंड पाडून बसत.

"माझं म्हणणं ऐकून घे, विजयश्री," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "खिडकीला माझा विरोध नाही. पण हे घर अण्णांनी एका विचारानं बांधलंय. वीट न् वीट. उद्या तू एक खिडकी फोडशील, परवा ज्ञाना म्हणेल पोर्चला शटर लावू. मग त्यात राहिलं काय?"

"शटर कशाला लावीन मी?" ज्ञानेश म्हणाला.

"उदाहरण दिलं."

"दादा, अण्णांनी बुजवली कारण तिथं बुजवलेली होती," विजयश्री म्हणाली. "आणि तिथं का बुजवली होती ते आत्ता कळलं की सगळ्यांना. कर वाचवायला. आपल्याला कुठला कर लागणार आहे? का दुसऱ्याच्या घरातला अंधारसुद्धा मोजून आणायचा असतो?"

निरंजननं सुनेचा आधार घ्यायचं ठरवलं. "ऋता, तू शिकलीयस यातलं. काही खिडक्या मुळातच खोट्या असतात ना? बाहेरून जोडी जुळावी म्हणून?"

ऋतानं ओजसकडं पाहिलं. ओजस अचानक खूप लक्ष देऊन घड्याळाचा पट्टा बघत होता.

"असतात, बाबा," ती म्हणाली. "मागं जिना असतो, नाहीतर भिंतीतून धुराडं गेलेलं असतं. तिथं खोटी करतात."

"झालं तर मग."

"पण इथं मागं जिना नाही. इथं मागं काकू राहतात."

पोरगी शांतपणे बोलली, पण बोलली. रुक्मिणीबाईंनी तिच्याकडं वळून नीट पाहिलं, जणू आत्ताच दारातून आत आल्यासारखं.

"ज्ञाना, तू बोल की," निरंजन म्हणाला. "खोली तुझीपण आहे."

ज्ञानेशचा एक मोठा दोष असा, की दोघं भांडत असले की त्याला दोघांचंही पटायचं. चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर, त्यानं वीस वर्षं रात्रपाळी केली होती. दिवाळीपासून जनरल शिफ्ट मिळाली होती आणि अजून दिवसाउजेडी लोकांत बसायची त्याला पुरती सवय झाली नव्हती. बायकोचं बरोबर होतं. भावाचंही मन मोडवत नव्हतं. आणि अशा वेळी माणूस जे बोलू नये तेच बोलतो.

"जाऊ दे ना, विजू," तो म्हणाला. "एवढी वर्षं काढलीच की आपण."

"कुणी काढली?" विजयश्रीनं विचारलं.

ज्ञानेश स्टुलावर मागं सरकला.

"उघडा ती," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. अरुंधती उभी होती. चेहरा लाल. "शूटिंगवाल्यांना एक बुजवलेली खिडकी पाहिजे ना? माझी घ्या. आमच्या खोलीच्या पुढच्या दोनपैकी एक बुजवा विटांनी. डावीकडून दुसरी काय आणि उजवीकडून दुसरी काय, फोटोत कुणाला कळणार आहे?"

"अरुंधती, काहीतरीच काय! ती आपली खोली आहे."

"हो ना. आपलीच आहे."

आपण आत्ता काय बोललो ते निरंजनला ऐकू आलं असावं. तो उठला, खिडकीपाशी गेला, बाहेर बघत उभा राहिला. त्या खिडकीतून बाहेरचं लॉन, गेट आणि गेटाबाहेरचा ट्रेलर स्वच्छ दिसत होता.

विजयश्री जावेकडं बघत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, पण अजून काम झालेलं नव्हतं.

मग रुक्मिणीबाई बोलल्या. "उगा त्या मेल्या माणसाला बोल लावू नका. ह्यांनी दुष्टाव्यानं न्हाई दिली ती खोली. ती तर सामानाची खोली हुती. ज्ञानाचं लगीन ठरलं तवा त्याला रातपाळी लागली. हे म्हनले, पोरगं दिसा झोपणार, त्याला अंधाराची खोली द्या. उजेड नको, आवाज नको. मायेनं दिली हुती."

"मला माहीत आहे, आत्याबाई," विजयश्री म्हणाली. "म्हणून तर मी अण्णांना कधी काही बोलले नाही. तुम्हाला बोलले."

रुक्मिणीबाईंनी नजर काढून घेतली.

"करिष्माच्या वेळी मला सातवा लागला होता. सारखं गरगरायचं त्या खोलीत. मी तुम्हाला म्हटलं, आत्याबाई, तेवढी खिडकी उघडून मिळते का बघा की, अण्णांना विचारा. तुम्ही म्हणालात, विचारते. मग मी वाट बघितली. अण्णा काही बोलले नाहीत. मी म्हटलं, त्यांना पटलं नसेल. पुन्हा कसं तोंड वेंगाडायचं?"

निरंजन वळून आईकडं बघू लागला.

"आई, अण्णा नाही म्हणाले होते?"

रुक्मिणीबाईंना खोटं बोलता आलं असतं. नवरा साक्षीला येणार नव्हता. त्यांनी हातानं तोंड पुसलं, आणि अण्णांचं नाव त्यांना पुढं करवेना.

"म्या त्यांना इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर दुसऱ्या दिशी गवंडी आणला असता त्यांनी. माणूस तसा हुता. पर माझा ज्ञाना सकाळी सातला यायचा, डोळं लाल, हात थरथरत्यात. एकदा जिन्यातच बसला हुता भिताडाला टेकून. मला वाटलं, हिला उजेड दिला तर माझ्या पोराची झोप जाईल. तू तरणी हुतीस. तुला काय, बाहेर अंगणात बसता येत हुतं. त्याला झोप कोण देणार?" त्यांचा आवाज बारीक झाला. "म्या पोराची झोप बघितली. तुझं न्हाई बघितलं. आता काय बोलायचं ते बोल मला."

विजयश्री काही बोलायच्या आत ज्ञानेश म्हणाला, "पण मला झोप लागायचीच नाही तिथं."

तो इतक्या हळू बोलला, की निरंजननं "काय?" म्हणून विचारलं.

"त्या खोलीत. मला कधी झोप लागलीच नाही." ज्ञानेश स्टुलावर पुढं वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत. "अंधार झाला की कानात प्रेस सुरू व्हायचे. रात्रभर जे ठण्ण ठण्ण ऐकलेलं असायचं, ते डोळे मिटले की आणखी मोठं व्हायचं. बघायला काही नसायचं ना, मग तेच. माझी झोप व्हायची बसमध्ये. येताना उन्हाच्या बाजूची सीट धरायचो. तोंडावर ऊन आलं की चाकण चौकापासून घरापर्यंत अशी लागायची, ड्रायव्हर उठवायचा मला. तेवढीच."

"वीस वर्षं?" अरुंधतीनं विचारलं.

"मधनंमधनं डुलकी लागायची, वहिनी. नाही असं नाही."

विजयश्री नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. इतका वेळ ती निघोज्याच्या सुनेसारखं जपून बोलत होती. आता बापाची बोली वर आली, लातूरजवळच्या औशाकडची.

"काय सांगायलाव तुम्ही हे? झोपत नव्हता? मी काचेची बांगडी भरली नाही कधी, वाजंल म्हणून. त्या खोलीत अंधारात चाचपून साडी नेसले. लेकरू रडलं की उचलून जिन्यात आणून बसले, थंडीत. पायातली जोडवी काढून ठेवली, फरशीवर वाजत्यात म्हणून, तर आत्याबाई मला बोलल्या, सवाष्णीनं जोडवी काढू नयेत म्हणून. मी ऐकून घेतलं. आणि तुम्ही जागे होता?"

"डोळे मिटून पडायचो."

"का?"

"तू एवढं जपायचीस," ज्ञानेश म्हणाला. "दार कसं लावायचीस, बोटानं दाबून, कडीचा आवाज येऊ नये म्हणून. मला सगळं ऐकू यायचं. मग उठून कसं सांगू, की याचा काही उपयोग होत नाहीये? तुला किती वाईट वाटलं असतं."

विजयश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. तिला हसू आलं, ते अर्ध्यात रडू झालं, आणि दोन्ही आवरायला तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. पण ते आवरेना. तिनं मग आवरलंच नाही. सगळ्यांच्या समोर, दिवसाढवळ्या, ती मोठ्यानं रडली, आणि या घरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी आजवर ऐकला नव्हता.

निरंजनचा मोबाईल वाजला. एजन्सीवाल्याचा होता. त्यानं एकदा आईकडं, एकदा धाकट्या भावाकडं पाहिलं.

"हां, बोला," तो म्हणाला. "नाही, आज नका येऊ. घरी काम काढलंय. हो, पुढच्याच बाजूला. ती खिडकी? ती आता राहत नाही. नाही चालत तर राहू दे, राव, तुमची मर्जी."

त्यानं फोन ठेवला आणि विजयश्रीला विचारलं, "पहार कुठं असते गं आपली?"

*

ऋतानं आधी भिंत वाजवून पाहिली. पलंग, कपाट, इस्त्रीचं टेबल ओढून एका कडेला केलं होतं, वर ट्यूबलाइट जळत होती. तिनं वरून खाली, कडेकडेनं बोटाच्या पेरानं ठोकत नेलं.

"वर लिंटेल आहे, भार पेलणारी आडवी पट्टी," ती म्हणाली. "आजोबांनी आधी पूर्ण खिडकी सोडली आणि मग ती बुजवली. तिकडं जशी झाली तश्शीच. आतल्या विटा नुसत्या भरलेल्या आहेत, भिंतीचा भार त्यांच्यावर नाही. बिनधास्त फोडा, काका."

"म्हंजी बुजवायसाठी आधी खिडकी बांधली?" रुक्मिणीबाई जिना चढून धापा टाकत दारात उभ्या होत्या. "काय माणूस हुता!"

"छिन्नीनं सुरू कर, ज्ञाना," निरंजन म्हणाला. "वरच्या कोपऱ्यातून. आधी सांधा मोकळा कर. अरे तसं नाही, तिरकी धर."

"दादा, तू धर मग."

"नाही नाही, तूच कर. मी नुसतं सांगतोय."

पहिल्यांदा प्लॅस्टरचा पोपडा गेला. मग सांध्यातलं सिमेंट भुगा होऊन पडायला लागलं. ज्ञानेशनं पहार घुसवली, अंगाचा भार दिला, आणि वरची एक वीट बाहेरच्या बाजूला सुटून खाली गेली. लॉनवर धप्प आवाज आला. ओजसला खाली उभं केलं होतं, तो ओरडला, "मी बाजूला आहे! चालू द्या!"

त्या एका विटेच्या जागेतून उन्हाचा पट्टा आत आला आणि समोरच्या भिंतीवर पडला. डिसेंबरातलं तिरपं ऊन. धुळीनं भरलेलं.

विजयश्री त्या भिंतीपाशी गेली. तिनं उन्हात हात धरला. मग भिंतीकडं निरखून पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "हा रंग हिरवा आहे?"

"पिस्ता आहे," अरुंधती म्हणाली. "मीच आणलेला. मागच्या दिवाळीच्या आधी."

"मी आपली पांढरा म्हणत होते."

मग सगळ्यांनाच घाई झाली. विटा आता सुटून येत होत्या, आतल्या बाजूला ओढून घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या. निरंजननं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सूचना देता देता स्वतःच हात घातला. अरुंधतीनं तोंडाला ओढणी बांधली. चौकट मोकळी होत गेली तसा उजेड पलंगावर आला, कपाटावर आला, आरशात शिरला. कोपऱ्यातली जळमटं दिसली, तेव्हा विजयश्रीला भयंकर लाज वाटली आणि ती "अगंबाई, ती बघू नका" म्हणाली. वीस वर्षं ती ही खोली रोज झाडत होती.

शेवटची ओळ राहिली तेव्हा ज्ञानेशनं पहार ठेवली. केसात, भुवयांत लाल भुगा. "दोन मिनिटं बसतो," म्हणाला आणि पलंगाच्या कडेला टेकला. अंगावर ऊन होतं. त्यानं पाय वर घेतले. मग तसाच आडवा झाला, धुळीच्या कपड्यांनिशी, तोंड उजेडाकडं करून.

निरंजन खिडकीच्या उंबरठ्यावरच्या विटा मोजत बोलत होता, खिडकी सरकती घ्यायची की जुन्या पद्धतीची, लाकूड की ॲल्युमिनियम. "ज्ञाना, तुझं काय म्हणणं?" त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. सगळ्यांनी वळून पाहिलं.

ज्ञानेश घोरत होता. तोंड थोडं उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबलेला. लहान पोरं झोपतात तसा, जिथल्या तिथं.

अरुंधती चवड्यांवर मागं सरकली. निरंजननं जीभ चावली. ऋतानं हातातली छिन्नी अलगद टेबलावर ठेवली. रुक्मिणीबाईंनी ओठांवर बोट धरलं आणि सुनेकडं बघून हळूच म्हणाल्या, "शू. झोपलाय. आवाज करू नकोस."

विजयश्रीनं सासूकडं पाहिलं. मग झोपलेल्या नवऱ्याकडं. खाली वाकून तिनं एक अख्खी वीट उचलली, लोखंडी घमेल्याच्या वर धरली आणि सोडून दिली.

खण्णकन आवाज झाला. रुक्मिणीबाई दचकल्या.

ज्ञानेशनं कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागला.

विजयश्रीनं दुसरी वीट उचलली.